महापालिकेची इमारत, प्रमाण १:२०० : प्रकल्प नोंदी

१७ जून २०२३

शाळा सुरू होऊन दोन दिवस झाले. यंदाच्या कला प्रदर्शनासाठी विषय ठरला: छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरची मुंबई महानगरपालिकेची जुनी इमारत. आठवीची अकरा मुलं आणि मी. पुठ्ठ्याची प्रतिकृती आणि सोबत चार मराठी फलक.

सीएसएमटीच करू या, असं निम्म्या वर्गाचं म्हणणं होतं. मी हट्टाने नाही म्हटलं. स्टेशनची चित्रं सगळीकडे असतात, त्याला २००४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जाही मिळाला. समोरची इमारत मात्र लोक स्टेशनातून बाहेर पडताना रोज बघतात आणि तिच्याबद्दल दोन वाक्यंही त्यांना सांगता येत नाहीत. आमच्या मुलांच्या घरचं पाणी, कचरा, जन्मदाखला असा सगळा कारभार तिथून चालतो. ती आपली इमारत आहे, तेव्हा तिची ओळख आपल्यालाच करून घ्यायला हवी.

सामान: दोन आणि तीन मिलिमीटरचा पुठ्ठा, कटर, स्टीलच्या पट्ट्या, फेव्हिकॉल, शाडू माती. थर्माकोल अजिबात वापरायचं नाही.

२४ जून

पहिली पाहणी. भुयारी मार्गातून वर आलो आणि फिरोजशहा मेहतांच्या पुतळ्यापाशी थांबलो. मुलांना म्हटलं, पाच मिनिटं कोणी फोटो काढायचा नाही, नुसतं बघायचं. नंतर वहीत आठवणीने चित्र काढायचं.

अकराच्या अकरा जणांनी इमारत सरळ काढली. मध्ये मनोरा आणि डावी-उजवीकडे एका रेषेत लांब भिंती, अगदी राजवाड्यासारखी. खरं सांगायचं तर मीही घरी जो कच्चा आराखडा करून ठेवला होता, तो तसाच होता. इतकी वर्षं या चौकातून जाते, पण इमारत सरळ नाही हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

मग सगळ्यांना घेऊन एका बाजूने चालत गेलो. महापालिका मार्गाच्या कडेने जाताना मनोरा मागे पडतो, भिंत पुढे पुढे जाते. परत चौकात येऊन दादाभाई नौरोजी रस्त्याच्या बाजूने गेलो, तिथेही तेच. दोन रस्ते जिथे एकमेकांना भेटतात, त्या बेचक्यात ही इमारत बसलेली आहे. एक मुलगी म्हणाली, "बाई, ही चिमट्यासारखी आहे." फलकावर हाच शब्द लिहायचा.

१ जुलै

उपग्रहाच्या नकाशावरून ट्रेसिंग पेपरवर पाया उतरवला. चिमट्याची दोन टोकं दोन रस्त्यांना धरून मागे जातात, मिटलेली बाजू चौकाकडे. मुलं भागांना सरळ 'ए विंग' आणि 'बी विंग' म्हणतात, सोसायटीत राहणारी आहेत ती. राहू दे. नोंदींत मीही विंगच म्हणणार आहे.

आज बराच वेळ एकाच प्रश्नावर गेला. टोकाचा कोपरा अणकुचीदार असता तर तिथे दरवाजा कुठे बसवला असता? वास्तुरचनाकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी तो कोपरा छाटून टाकला आणि त्या छाटलेल्या तोंडावर अख्खी दर्शनी बाजू उभी केली: खाली प्रवेशाची पोर्च, वर भली मोठी कमान, तिच्यावर त्रिकोणी शिखरभिंत आणि सगळ्यांच्या मागून वर येणारा घुमटाचा मनोरा. जागेची जी अडचण होती, तीच इमारतीचं तोंड झाली. प्रत्यक्षात दर्शनी भाग अरुंद आहे. पण दोन्ही विंगा मागे तिरक्या जात असल्यामुळे चौकातून बघताना त्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या दिसतात आणि इमारत आहे त्याहून रुंद वाटते. मुलांची चित्रं चुकली ती यामुळे. इमारतीनेच त्यांना तसं दाखवलं होतं.

हे मी फळ्यावर खडूने काढून दाखवलं, तरी पटेना. मग दोन वह्या उभ्या करून कोपऱ्यात जोडल्या आणि एकेकाला खाली वाकून बघायला लावलं. पटलं.

मागे नंतरच्या काळात वाढवलेली विस्तारित इमारत आहे. ती दाखवायची की नाही यावर वाद झाला. ठरलं असं की करड्या कागदात साधा ठोकळा ठेवायचा. ती नाहीच असं भासवणं मला पटत नाही. पण बारकाव्याचं काम जुन्या भागातच.

१५ जुलै

पाऊस बेसुमार. पुठ्ठे दमट होऊन वाकले, म्हणून कापणी बंद. आज फलकांचं वाचन आणि टिपणं.

नगरपालिकेचा संसार आधी कुठे होता, हे मुलांना माहीत नव्हतं. १८६५ साली आर्थर क्रॉफर्ड पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले तेव्हा कचेरी गिरगाव रस्त्याच्या टोकाला एका साध्या इमारतीत होती. १८७० मध्ये ती एस्प्लनेडवर गेली, वॉटसन हॉटेल आणि ससून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट यांच्या मधल्या जागेत, जिथे आज आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आहे. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची कॉर्पोरेशन आली आणि निवडून आलेले लोक शहराच्या कारभारात बसू लागले. तोवर सभा होती, पण तिला साजेसं घर नव्हतं.

कोनशिला डिसेंबर १८८४ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते बसली. इथे मी थोडी थांबले, कारण ही नुसती समारंभाची गोष्ट नाही. १८८२ चा स्थानिक स्वराज्याचा ठराव याच रिपन यांचा. आपल्या गावाचा कारभार आपण निवडलेल्या माणसांनी बघावा, हे ज्यांनी सरकारी कागदावर आणलं त्यांनीच जाताजाता या सभागृहाचा पहिला दगड बसवला, कारण तो महिना त्यांच्या कारकिर्दीचा शेवटचाच होता. आणि १८८४-८५ या दोन वर्षी कॉर्पोरेशनचे अध्यक्ष होते फिरोजशहा मेहता, ज्यांच्या पायथ्याशी आपण वह्या उघडून बसलो होतो. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यावर त्यांचा हात होता. तोच कायदा, दुरुस्त्यांसह, आजही चालू आहे. त्यांचा पुतळा १९२३ मध्ये उभा राहिला.

२९ जुलै

कोनशिलेनंतर काम लगेच सुरू झालं नाही, चार वर्षांहून जास्त काळ गेला. या मधल्या काळातली गोष्ट मुलांना सगळ्यात आवडली, कारण तिच्यात स्पर्धा आहे.

दोन आराखडे समोर होते. एक मद्रासचे रॉबर्ट फेलोज चिझम यांचा, इंडो-सारासेनिक शैलीतला, म्हणजे इथल्या घुमट-मनोऱ्यांच्या वळणाचा. हे तेच चिझम, ज्यांनी मद्रास विद्यापीठाचं सिनेट हाउस बांधलं आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा पुरा केला. दुसरा स्टीव्हन्स यांचा, गॉथिक. निवड स्टीव्हन्स यांची झाली.

पण प्रत्यक्ष इमारत बघितली की वाटतं, चिझम यांची बाजू पूर्ण हरली नाही. खालून वर नजर न्या. टोकदार कमानी, कोरीव खांब, त्रिकोणी शिखरं, म्हणजे गॉथिक. आणि मग वर घुमट येतो तो कांद्यासारखा, पोट फुगलेला. त्याच्या आजूबाजूला छोटे घुमट. असा घुमट आपण विजापूरला बघतो, दिल्लीला बघतो. समोरच्या स्टेशनाचा घुमटही स्टीव्हन्स यांचाच, पण तो वेगळा, अष्टकोनी, पाकळ्यापाकळ्यांचा. रस्ता ओलांडेपर्यंत या माणसाचा हात बदलला. स्टेशनाचं काम १८७८ मध्ये सुरू झालं होतं, इथलं १८८९ मध्ये. स्टीव्हन्स १८६७ पासून हिंदुस्थानात होते. वीस वर्षांत इथली शिखरं बघून बघून त्यांची रेघ वळली असावी, असं मला वाटतं. मुलांना हे माझं मत म्हणूनच सांगितलं.

आकडे, फलक क्रमांक २ साठी: काम सुरू २५ एप्रिल १८८९, पूर्ण ३१ जुलै १८९३. मंजूर रक्कम ११,८८,०८२ रुपये. खर्च ११,१९,९६९ रुपये. वजाबाकी मुलांनीच केली: ६८,११३ रुपये उरले. सार्वजनिक इमारत मंजूर रकमेच्या आत पुरी झाली, हे वाक्य फलकावर मोठ्या अक्षरात लिहायचं असा मुलांचा आग्रह. लिहू.

१८९२ मध्ये तानसा धरणाचं पाणी मुंबईत आलं, म्हणजे इकडे मनोरा चढत होता त्याच वर्षांत. एकच सभा दोन्ही कामांना पैसे मंजूर करत होती. तानसाची ओळ याच फलकात घातली आहे. नळाचं पाणी आणि कोरीव दगड वेगवेगळ्या फलकांवर ठेवायला मन होईना.

२० ऑगस्ट, रविवार

आत जाऊन आलो. २०२१ पासून इथे वारसा फेरी सुरू झाली आहे, तिच्यात नावं नोंदवली होती. एरवी शाळेच्या मुलांना आत असं निवांत फिरता आलं नसतं.

मधला जिना बरोबर घुमटाखाली आहे. चढताना मान वर केली की पोकळी वर वर जात राहते. बाहेर रस्त्यावर हॉर्नचा गोंगाट आणि आत आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येतो. बोलकी मुलंसुद्धा कुजबुजायला लागली.

मग सभागृह. याची मापं आधी पाठ करून ठेवली होती: लांबी पासष्ट फुटांच्या थोडी पुढे, रुंदी साधारण बत्तीस, उंची ३८ फूट. कागदावर हे तीन आकडे होते. तिथे उभं राहिल्यावर कळलं की खोली रुंदीपेक्षा उंच आहे. देवळाच्या सभामंडपात आपल्याला अशी उंची भेटत नाही, तिथे छत खाली असतं, अंगाजवळ असतं. इथे लाकडी छत इतकं वर आहे की बोलणारा माणूस लहान वाटतो आणि त्याचा आवाज मोठा. २००० साली या सभागृहाला आग लागली होती. त्यानंतर ते पुन्हा उभं केलं.

सभा भरत नव्हती. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली होती, त्यानंतर तोवर निवडणूक झाली नव्हती, कारभार प्रशासक बघत होते. १८८८ च्या कायद्याने सभासद होते ७२. आता जागा आहेत २२७. एका मुलाने विचारलं, "मग बाई, आमच्या वॉर्डाचं माणूस कुठे बसतं?" मी बाकांच्या ओळींकडे बोट केलं आणि म्हटलं, इथेच कुठेतरी. रिकामी बाकं बघून मला वाईट वाटलं. या खोलीत माणसं भांडताना बघायची होती, रस्त्यावरून, पाण्यावरून, शाळांवरून.

पहिली सभा इथे जानेवारी १८९३ मध्ये भरली, म्हणजे इमारत पुरी व्हायच्या आधीच.

२ सप्टेंबर

सभागृह वेगळं करायचं ठरवलं, १:५० प्रमाणात. लांबी सुमारे ४० सेंटीमीटर, रुंदी साडेएकोणीस, उंची २३. एक लांब भिंत उघडी ठेवली म्हणजे आत बघता येईल. १:२०० च्या मोठ्या प्रतिकृतीत हेच सभागृह जेमतेम मुठीएवढं होतं, तिथे त्याचा ठोकळाच पुरे.

७ ऑक्टोबर

गणपती झाले. आता घुमट.

तीन प्रयत्न फसले होते. कागदाच्या पाकळ्या जोडून केला तर कांद्याचं पोट येत नाही, त्याचा फुगाच होतो. प्लॅस्टिकच्या चेंडूवर केला तर खालची कंबर मिळत नाही. कांद्याच्या घुमटाची गंमतच ही की तो खाली थोडा आत येतो, मग बाहेर फुगतो आणि टोकाकडे उलटा वळून वर जातो. म्हणजे एका रेषेत दोनदा वळण.

शाळेजवळ गणपतीचा कारखाना आहे. विसर्जनानंतर तिथे निवांत असतं, म्हणून मुलांना घेऊन गेले. तिथल्या कारागीर काकांनी चित्र बघितलं, पेन्सिलने माझी रेषा दोन ठिकाणी दुरुस्त केली आणि म्हणाले, "पुठ्ठ्याचा नाद सोडा. शाडूचा गोळा करा, पत्र्याचा आकडा कापून फिरवा, वरून लगदा चढवा." पत्र्याच्या पट्टीत घुमटाची अर्धी कड कापली, मध्ये खिळा रोवला आणि पट्टी मातीभोवती फिरवली. तीन फेऱ्यांत पोट आलं, पाचव्या फेरीत कंबर. लगद्यात त्यांनी डिंकाबरोबर थोडी व्हाइटिंग पावडर घालायला सांगितली, तडे कमी जातात. सुकायला चार दिवस लागले. माती आतून खरवडून काढली तेव्हा हातात जो घुमट आला तो अंड्याच्या कवचासारखा हलका होता.

मनोऱ्याची खरी उंची सव्वादोनशे फुटांच्या वर आहे. आमचा मनोरा टेबलापासून हातभर भरला.

२१ ऑक्टोबर

फलक क्रमांक ३, नावांचा. माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा.

वास्तुरचनाकार म्हणून स्टीव्हन्स यांचं नाव सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. इंग्लंडमधल्या बाथचा हा माणूस १९०० मध्ये मुंबईतच वारला, शिवडीच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. पण जागेवर रोज उभं राहून काम करून घेणारे होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. समोरच्या स्टेशनाच्या कामावरही हेच स्टीव्हन्स यांच्यासोबत होते. कंत्राट होतं व्यंकू बाळाजी कालेवार यांचं. हे तेलुगू समाजातले. त्या काळच्या मुंबईतल्या कितीतरी मोठ्या इमारती कामाठी, म्हणजे तेलुगू मुलखातून आलेल्या, गवंड्यांच्या आणि कंत्राटदारांच्या हातून उभ्या राहिल्या. कामाठीपुरा हे नाव त्यांच्यावरूनच पडलं.

वर्गात एक मुलगा आहे, घरी तेलुगू बोलतो. व्यंकू बाळाजींचं नाव फलकावर त्याने लिहिलं. तीनदा कच्चं काढलं, मगच शाई धरली. मी काही म्हटलं नाही, शेजारी बसून फक्त शिरोरेषा सरळ जाते का ते बघत राहिले.

दगडाबद्दलही याच फलकावर. भिंतींचा पिवळसर दगड मुंबईच्या उपनगरांतल्या खाणींचा आणि नक्षीसाठी पोरबंदरचा. आपला काळा बेसाल्ट टाकीला दाद देत नाही, त्यावर बारीक पान-फूल उठवणं फार कष्टाचं. पोरबंदरचा दगड मऊ, म्हणून नाजूक काम त्याच्यात. पण मऊ दगडाला मुंबईची हवा आणि पाऊस लवकर खातात, म्हणून अशा इमारतींची डागडुजी कधी संपत नाही. मुलांना दोन्ही दगडांचे तुकडे हातात दिले आणि नखाने ओरखडायला सांगितलं. त्याहून जास्त समजावण्याची गरज पडली नाही.

२५ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली. विंगा उभ्या राहिल्या. कमानींच्या ओळी कापताना मुलांच्या बोटांना घट्टे पडले. या कमानींमागे व्हरांडे आहेत. त्यांच्यामुळे ऊन आणि पावसाची झड थेट खोल्यांपर्यंत पोचत नाही. ही गॉथिक इंग्लंडमध्ये असती तर एवढे व्हरांडे नसते.

शब्दांची अडचण आली ती छताच्या कडेला. पंख पसरलेले जनावरांचे आकार भिंतीतून बाहेर झुकलेले आहेत, त्यांना इंग्रजीत गारगॉयल म्हणतात. फलकावर काय लिहायचं? कोणी राक्षस म्हटलं, कोणी वटवाघूळ. मी विचारलं, मूळ काम काय त्यांचं? छपरावरचं पाणी भिंतीपासून लांब टाकायचं. एक मुलगी पटकन म्हणाली, "म्हणजे गोमुख!" देवळात अभिषेकाचं पाणी गायीच्या तोंडातून बाहेर पडतं, तसंच. फलकावर लिहिलं: 'गारगॉयल, म्हणजे या इमारतीची गोमुखं'.

९ डिसेंबर

शिखरभिंतीवरची पंखवाली मूर्ती. शहराचं रूपक आहे ते, मुंबईचंच. 'अर्ब्स प्रायमा इन इंडिस', हिंदुस्थानातलं पहिलं नगर, हे लॅटिन बिरुद या मूर्तीशी जोडलेलं आहे. आजच्या महापालिकेच्या बोधचिन्हावर मात्र संस्कृत वचन आहे: 'यतो धर्मस्ततो जयः'. घरपट्टीच्या बिलावर मुलांनी ते शोधून आणलं.

आमच्या प्रमाणात मूर्ती बोटाच्या पेरापेक्षाही लहान. शाडूची केली, पंख चहाच्या डब्यातल्या पातळ पत्र्याचे.

१९ जानेवारी २०२४

उद्या प्रदर्शन. प्रतिकृती वर्गातून सभागृहात हलवली. चार जणांनी चार कोपरे धरले, तरी दारातून काढताना मूर्तीचा डावा पंख चौकटीला लागून तुटला. धरणारी मुलगी रडवेली झाली. तिला जवळ बसवलं, चिमट्याने पंख धरायला दिला आणि फेव्हिक्विकचा थेंब मी टाकला.

टेबल दरवाजासमोर लावलं आहे, छाटलेला कोपरा आत येणाऱ्याकडे तोंड करून. पुढच्या बाजूला खडूने दोन रस्ते आखले, महापालिका मार्ग आणि दादाभाई नौरोजी रस्ता. चौक जिथे होतो तिथे मुलांनी फिरोजशहांसाठी काळा मणी चिकटवला. घुमट थोडा उजवीकडे झुकल्यासारखा वाटत होता, ओळंब्याने तपासला, सरळ आहे. पंख सकाळपर्यंत घट्ट धरेल. तोवर कोणी टेबलाला हात लावू नये म्हणून दोरी बांधून ठेवली आहे.